गॉड ऑफ वॉर की बायोनेटा २ : एकच खेळायचा असेल तर

कोणता कन्सोल (व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र) घ्यायचा, हा प्रश्न शेवटी एखाद्या गेमपाशीच येऊन अडतो. मारधाडीची आवड असेल तर सांता मोनिका स्टुडिओचा २०१८चा 'गॉड ऑफ वॉर' आणि प्लॅटिनमगेम्सचा 'बायोनेटा २' ही दोन नावं यादीत असणारच. पहिला २०२२मध्ये पीसीवरही आला, त्यामुळे तेवढ्यासाठी प्लेस्टेशन घ्यायलाच हवा असं आता नाही. दुसरा २०१४मध्ये निन्टेंडोच्या वी यू कन्सोलवर आला, २०१८मध्ये त्यांच्याच स्विचवर, आणि निन्टेंडोचं घर त्याने सोडलेलं नाही.

देखणेपणाचं म्हणाल तर 'गॉड ऑफ वॉर'समोर बोलायची सोय नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा कट होत नाही. दिग्दर्शक कोरी बार्लॉगचा तो हट्टच होता. नायक क्रेटॉस आणि त्याचा मुलगा अट्रेयस होडीत गप्पा मारत असतात, किनारा येतो, उतरतात, लढाई जुंपते, आणि कुठे जोड दिसत नाही. त्यात ती कुऱ्हाड! फेकली की रुतते, त्रिकोणाचं बटण दाबलं की भिरभिरत परत येते आणि हातात बसते त्या क्षणी कंट्रोलर थरथरतो. समोर कुणी नसतानाही मी ती उगाच झाडांवर फेकत असे.

पण त्याच कॅमेऱ्याने माझं डोकं फिरवलं. तो क्रेटॉसच्या खांद्याला इतका चिकटलेला असतो की पडद्याचा बराच भाग त्याची पाठच अडवते. गप्पांच्या वेळी ही जवळीक छान वाटते. चार ड्राउगर (चालते-फिरते मुडदे) चारी बाजूंनी आले की मात्र मागचं काही दिसत नाही. त्यावर उतारा म्हणून क्रेटॉसभोवती दिशा दाखवणारे बाण दिलेत : पांढरा म्हणजे कुणीतरी जवळ आहे, लाल म्हणजे वार येतोय, जांभळा म्हणजे लांबून काहीतरी फेकलंय. अट्रेयस ओरडून सावधही करतो, झटकन मागे वळायलाही बटण आहे. पण मग माझं लक्ष शत्रूवरून उडून बाणाच्या रंगावर जातं. शस्त्र कसं उगारलं जातं, वजन कोणत्या पायावर पडतं, हे सगळं कुणीतरी जीव ओतून घडवलेलं, आणि मी पाहतोय बाण. डिफिकल्टी वाढवली की चिडचिडही वाढते. वाल्कीरी या पंखवाल्या योद्ध्या स्त्रियांशी एकास एक लढताना हा त्रास जवळजवळ संपतो. मला तरी गेममधल्या सर्वांत चांगल्या लढती त्याच वाटल्या.

'बायोनेटा २'मध्ये कॅमेरा मागे सरकून उभा राहतो आणि रिंगण दिसू देतो. वार यायच्या आधी शत्रू लकाकतो, आवाज होतो. अगदी शेवटच्या क्षणी डॉज केलं, म्हणजे वार चुकवला, की विच टाइम सुरू होतो आणि सगळं संथ होतं. खरी गंमत डॉज ऑफसेटची. कॉम्बो, म्हणजे आपल्या वारांची सलग मालिका, अर्ध्यावर असताना हल्ला आला, तर हल्ल्याचं बटण तसंच धरून ठेवून डॉज करायचं. कॉम्बो तुटला तिथूनच पुढे सुरू. हे एकदा बोटांत बसलं की आपण लढतोय की नाचतोय, हेच कळेनासं होतं.

उणिवा आहेतच. चित्रण जुनं दिसतं. नायिका बायोनेटा चेटकीण आहे; तिचे कपडे तिच्या केसांचेच बनलेले, त्यामुळे मोठा राक्षस बोलावला की अंगावर फारसं काही उरत नाही, आणि कॅमेराही तिथेच घुटमळतो. घरच्यांसमोर खेळायचा गेम हा नव्हे.

बाप-लेकाच्या गोष्टीसाठी खेळणार असाल, तर 'गॉड ऑफ वॉर'च घ्या. माझी कुरकुर कदाचित तुम्हाला जाणवणारही नाही. हात शिवशिवत असतील तर मात्र मी 'बायोनेटा २'कडे बोट दाखवेन. पहिला भाग खेळलेला नसला तरी अडत नाही. गोष्ट तशीही दोन्ही भाग खेळलेल्यांना कुठे नीट कळलीय?