कागद एका गाईचा, गळ्यात मारली दुसरीच

व्यापाऱ्याने गाईंसोबत 'ब्रुसेल्ला निगेटिव्ह' असा तपासणीचा कागद दिला होता. ब्रुसेल्ला म्हणजे गाईचा गर्भ पाडणारा, माणसालाही लागणारा जंतू. शिक्का खरा, सही खरी, रक्त तेवढं दुसऱ्याच जनावराचं. नव्या गाई महिनाभर वेगळ्या बांधल्या, पण या रोगात वरून काही दिसतच नाही. गाय धडधाकट, चारा खाते, दूध देते. पुढे त्यातली एक सातव्या महिन्यात गाभडली, वार (गर्भाभोवतीचं आवरण) अडकली आणि पाठोपाठ आमच्या जुन्या दोघी गाभडल्या.

गाईचं रक्त पॉझिटिव्ह आलं, तसा डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. कानातल्या बिल्ल्याच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे खरवडून पुन्हा लिहिलेले होते, खालचा कागद पातळ झालेला. प्रयोगशाळेत मूळ नोंद पाहिली तर नमुना एका कालवडीचा. आमची गाय तिसऱ्या वेताची!

व्यापारी म्हणाला, "लहानपणी लस दिलीय, म्हणून आता पॉझिटिव्ह येतंय." ही थाप बऱ्याच जणांना पटते, म्हणून सांगतो. ब्रुसेल्लाची एस-१९ लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात आणि त्या वयात दिली तर तिच्यामुळे रक्तात आलेल्या अँटिबॉडी (तपासणीत दिसतात त्या) बहुधा गाय मोठी होईपर्यंत ओसरतात. शिवाय लसीमुळेच पॉझिटिव्ह, तर तुमचा कागद निगेटिव्ह कसा? यावर तो गप्प.

वार काढताना भावाने उघडा हात घातला होता. त्याला पुढे रोज संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर धरलेली. बरेच दिवस साधा ताप समजून गोळ्या चालल्या. गाई गाभडल्याचं सांगितल्यावर रक्त तपासलं, मग सहा आठवडे दोन अँटिबायोटिक. माणसाला निदान औषध तरी आहे. गाईवर उपचार नाही; पुढच्या वेताला न गाभडताही ती दुधातून, वारेतून जंतू सोडत राहते.

कागद कितीही चांगला असो, रक्त आपल्या डॉक्टरांकडून आपल्यासमोर काढून घ्या, नळीवर बिल्ल्याचा नंबर तिथेच लिहा. ताजी लागण किंवा नुकतीच व्यालेली गाय असेल तर तपासणी चुकून निगेटिव्ह येते, म्हणून गाय वेगळी असतानाच महिन्याने पुन्हा तपासा.

आणि एक. फसवणूक उघडी पडताच तो गाय परत घ्यायला एका पायावर तयार झाला. परत नेऊन तो ती दुसऱ्या गोठ्यातच विकणार होता. आम्ही दिली नाही, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नोंद केली. तुम्हीही देऊ नका.