हॅलोविनचे कोळी : वाचनालयातील एका बालसत्राचे परीक्षण

न्यू जर्सीतील आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात ऑक्टोबरच्या अखेरीस तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी हॅलोविन या भुताखेतांच्या सणानिमित्त एक तासाचे मोफत सत्र होते, आणि यंदा त्याचा विषय कोळी हा होता. भुते आणि सांगाडे यांच्या गर्दीत ही निवड मला शहाणपणाची वाटली, कारण भूत मुलांना नुसते दाखवता येते, तर कोळ्याचे पाय मोजता येतात आणि त्याचे काम स्वतःच्या हाताने करूनही पाहता येते. सत्राच्या ज्या भागाचा खऱ्या कोळ्याशी संबंध होता, त्यात मुले रमली; जिथे कोळी केवळ सजावटीपुरता उरला, तिथे ती पांगली.

सर्वांत चांगला उपक्रम जाळ्याचा होता. दाराच्या चौकटीत, मुलांच्या उंचीला, केंद्रापासून बाहेर जाणारे लोकरीचे धागे ताणून बांधले होते आणि त्यांवर मास्किंग टेपची वलये चिकट बाजू पुढे करून लावली होती. मुलांनी वर्तमानपत्राचे बोळे त्यावर फेकायचे. जे टेपला लागतील ते अडकतात, बाकीचे खाली पडतात किंवा आरपार जातात. या रचनेमागे विचार होता, कारण गोल जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात केंद्रापासून निघणारे धागे चिकट नसतात. भक्ष्य अडकते ते त्यांवर फिरत गेलेल्या चिकट धाग्यांना. सत्र घेणाऱ्या ग्रंथपाल बाईंनी हे व्याख्यान न देता सांगितले. त्यांनी मुलांना आधी लोकरीला आणि मग टेपला बोट लावायला लावले आणि कोळ्याने चालायचे ठरवले तर तो कुठे पाय ठेवील, एवढेच विचारले. तीन वर्षांच्या मुलांनीही बरोबर उत्तर दिले. अशी वलये प्रत्यक्षात एकाच सलग धाग्याची, बाहेरून आत येणारी असतात, ही गोष्ट मात्र राहून गेली. टेप तुकड्यातुकड्यांनी लावण्याऐवजी मुलांसमोर एकसलग फिरवली असती, तर तीही आपोआप कळली असती.

त्यानंतरचा खेळ आणखी साधा होता. एका खुर्चीला चार धागे बांधले होते आणि त्यांची दुसरी टोके चार मुलांच्या हाती होती. खुर्चीत बसलेल्या मुलाने डोळे मिटून सर्व धाग्यांवर बोटे टेकवायची आणि कोणी धागा हलवला ते ओळखायचे. जाळे विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांची नजर अधू असते आणि भक्ष्य कुठे अडकले हे त्यांना धाग्यांच्या थरथरीवरून समजते, हे त्या मुलांच्या आता कायमचे लक्षात राहील. या खेळाला खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि तो घरीही करता येईल.

कागदी बशीचा कोळी करण्याच्या भागाबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. काळी बशी, तिच्या कडेला चिकटवलेले आठ कागदी पाय आणि वर दोन मोठे हलते डोळे, असा नमुना समोर ठेवला होता. पाय आधीच कापलेले, घड्या आधीच घातलेल्या आणि स्टेपलर मोठ्यांच्या हाती, त्यामुळे मुलांच्या वाट्याला मुख्यतः रांगेत उभे राहणे आले. शिवाय कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात आणि आठही पाय पुढच्या भागाला असतात. बहुतेक कोळ्यांना डोळेही आठ असतात. एक लहान आणि एक मोठी बशी जोडून, डोळ्यांसाठी पांढऱ्या खडूचे ठिपके दिले असते, तर खर्च वाढला नसता, आणि कोळी हा कीटक का नाही, हे सहा पायांच्या मुंगीशेजारी ठेवून दाखवता आले असते.

हलत्या डोळ्यांबद्दल माझी हरकत केवळ शास्त्रापुरती नाही. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत सव्वा इंच व्यासाच्या चाचणी-नळीत पूर्ण मावणारे सुटे भाग चालत नाहीत, तो नियम घशात वस्तू अडकण्याच्या धोक्यामुळेच आहे. सत्र मोठ्या मुलांचे असले तरी धाकटी भावंडे गालिच्यावर रांगतच होती. खाऊबाबत अधिक काळजी घेतलेली दिसली: चॉकलेट-क्रीमच्या बिस्किटात प्रेट्झेलच्या खारट, कुरकुरीत काड्या खोचून केलेल्या कोळ्यांशेजारी घटकपदार्थांची यादी लावलेली होती आणि शेंगदाणे कटाक्षाने टाळले होते. घरी नेण्याच्या पिशवीतील जेलीचे कोळी मात्र शाकाहारी कुटुंबांनी वेष्टन वाचूनच मुलांच्या हाती द्यावेत, कारण अशा गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते आणि ते प्राण्यांपासून मिळते.

सजावटीत ताणून पसरवायचे पांढरे कृत्रिम जाळे सढळ हाताने वापरले होते. (आपल्याकडे याच सुमारास दिवाळीसाठी घरातली जळमटे काढली जातात, २०२४ साली तर नरकचतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले, त्यामुळे आमच्या घरात एकाच आठवड्यात जाळी काढलीही गेली आणि लावलीही गेली.) खोलीत या जाळ्याने काही बिघडत नाही, पण वाचनालयाच्या दाराबाहेरील झुडपांवरही ते पसरले होते, आणि ते मला पटले नाही. त्याच्या बारीक तंतूंत लहान पक्षी, वटवाघळे आणि मधमाश्या अडकू शकतात. बाहेर सजावट हवीच असेल, तर जाड सुतळीचे, मोठ्या फटींचे जाळे पुरेसे आहे.

जागा मर्यादित असल्याने नाव आधी नोंदवावे लागते, आणि आई-वडिलांपैकी एकाने सोबत थांबणे सक्तीचे आहे. चार वर्षांपुढील मुलांना अवश्य न्यावे. तीन वर्षांच्या मुलाला नेणाऱ्यांनी जाळे आणि धाग्यांचा खेळ आटोपताच निघण्यास हरकत नाही. ते दोन्ही पहिल्या अर्ध्या तासातच होतात.