‘पायऱ्यांविना मार्ग’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या मंगळवारी या अ‍ॅपने दाखवलेल्या मार्गाने मी एका भुयारी स्थानकात गाडीतून उतरले आणि तेथील एकुलती एक लिफ्ट बंद असल्याचे मला फलाटावर पोहोचल्यावर कळले. व्हीलचेअर घेऊन वर येण्यासाठी लिफ्ट चालू असलेल्या पुढच्या स्थानकापर्यंत जावे लागले, तेथून बसने परत यावे लागले आणि पावणेदोन तास गेले. वर्षाची वर्गणी मी केवळ ‘पायऱ्यांविना मार्ग’ या एका पर्यायासाठी भरली होती, त्यामुळे त्या संध्याकाळी सर्वांत कमी गुण देऊन मोकळे व्हावे असेच वाटत होते.

राग ओसरल्यावर ही माहिती येते कोठून हे पाहिले आणि माझे मत थोडे बदलले. अनेक वाहतूक संस्था आपली वेळापत्रके ‘जीटीएफएस’ या मानक स्वरूपात प्रसिद्ध करतात. त्यात प्रत्येक थांब्यापुढे व्हीलचेअरसंबंधी एक अंक असतो: १ म्हणजे निदान काही गाड्यांत चढता येते, २ म्हणजे चढता येत नाही आणि ० म्हणजे माहितीच नाही. रकाना रिकामा राहिला तर तोही सामान्यतः ० धरला जातो. लिफ्ट आज चालू आहे की बंद, हे या अंकातून कळत नाही. त्यासाठी संस्थेने तात्कालिक सूचना वेगळी पाठवावी लागते. ती पाठवली गेली नसेल, तर मंगळवारचा दोष अ‍ॅपच्या माथी मारणे योग्य नाही.

तरीही एक चूक पूर्णपणे अ‍ॅपचीच आहे आणि तिच्याकडे मला दुर्लक्ष करता येत नाही: ० आणि १ हे दोन्ही थांबे ते एकाच हिरव्या रंगात दाखवते. जे कोणी तपासलेलेच नाही, त्याला ‘सोय आहे’ म्हणणे म्हणजे माझ्यासारख्या प्रवाशाला अनोळखी थांब्यावर अडकवणे होय. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ९ वाहतुकीइतकेच माहितीच्या सुगम्यतेलाही महत्त्व देते. ही माहिती तर खोटा दिलासा देते.

बाकी अनुभव चांगला आहे. गाडी बदलण्यासाठी लागणारा वेळ माझ्या वेगानुसार ठरवता येतो, आणि १:१२ पेक्षा तीव्र चढाचे रस्ते टाळण्याची सोय तर मला अनेकदा उपयोगी पडली आहे.

सध्या निघण्यापूर्वी मी स्थानकावर दूरध्वनी करून लिफ्टची चौकशी करते. वर्गणी चार महिन्यांनी संपेल. तोवर शून्याला वेगळा रंग मिळाला, तरच ती पुन्हा भरीन.