समारोपाचा खंड : टोल्किन की लुईस?

रंकाळ्यावर जमणाऱ्या आमच्या वाचक मित्रमंडळींत अद्भुतकथामालिकांचा विषय निघाला, की शेवटचे पुस्तक कोणाचे सरस यावर हमखास दोन तट पडतात. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा ‘द रिटर्न ऑफ द किंग’ हा शेवटचा खंड १९५५ मध्ये, तर त्यांचे ऑक्सफर्डमधील स्नेही सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतील सातवे आणि शेवटचे पुस्तक ‘द लास्ट बॅटल’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

टोल्किन यांचे मोठेपण मला विजयानंतरच्या भागात दिसते. जिच्याभोवती कथा फिरते ती दुष्ट शक्तीची अंगठी अग्निपर्वतात नष्ट होते, तेव्हा खंडाच्या उत्तरार्धातील नऊपैकी तीनच प्रकरणे संपलेली असतात. उरलेल्या सहांत राज्याभिषेक आहे, निरोप आहेत आणि मुख्य म्हणजे, गावी परतलेल्या हॉबिटांना, म्हणजे कथेच्या बुटक्या नायकांना, तोडलेली झाडे, धूर ओकणारी गिरणी आणि गुंडांची सत्ता दिसते. ते गाव सोडवतात, त्यांच्यातला सॅम नवी झाडे लावतो. अंगठी वाहून नेणाऱ्या फ्रोडोची जखम मात्र भरत नाही. २००३ च्या चित्रपटात गावच्या या लढ्याचा भाग गाळला गेला, याची मला आजही हळहळ वाटते.

लुईस यांचे पुस्तक आटोपशीर आहे. सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाला अस्लान, म्हणजे नार्नियाचा देवतुल्य सिंह, म्हणून मिरवणारा वानर आणि त्यापायी खऱ्या अस्लानवरचाही उडणारा विश्वास, हे चित्रण कमालीचे धारदार आहे. तथापि सारे जगच संपवणारा आणि आधीच्या पुस्तकांतल्या नायिकांपैकी एक असलेल्या सुझनला बाहेर ठेवणारा शेवट मला पटत नाही. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला मी आधी हेच देईन. स्वतःसाठी मात्र टोल्किनच, तेही परिशिष्टांसकट.