तिन्ही सैन्यदलांच्या हुद्द्यांचा भिंततक्ता: घ्यावा, पण तीन दुरुस्त्या करून

एनसीसी आणि भरतीपूर्व वर्गांसाठीचा हा लॅमिनेटेड तक्ता पायदळाच्या बाबतीत चोख आहे. लान्स नाईक एक फीत, नाईक दोन, हवालदार तीन. फिती ठळक छापल्यात, मागच्या बाकावरूनही मोजता येतात. नौदलाच्या लीडिंग सीमनचा एकेरी नांगरही स्पष्ट.

घोळ समकक्ष रकान्यात आहे. हवालदारासमोर चीफ पेटी ऑफिसर छापलाय. तिथे नौदलाचा पेटी ऑफिसर आणि हवाई दलाचा सार्जंट हवा. चीफ पेटी ऑफिसर नायब सुभेदाराच्या बरोबरीचा, म्हणजे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) पातळीचा. या एका चुकीने संबोधनही चुकतं: सुभेदाराला 'सुभेदार साहेब' म्हणतात, हवालदाराला मात्र हुद्द्यानेच हाक मारतात.

रणगाडा दल तर गाळलंच आहे! तिथे हवालदार म्हणजे दफादार, नाईक म्हणजे लान्स दफादार. ही ओळ स्केचपेनने लिहूनच घ्या. कंपनी हवालदार मेजर वेगळा हुद्दा म्हणून दाखवलाय. ती हवालदाराला दिलेली नेमणूक असते. हवाई दलाचा रकाना ठीक.

पाचपैकी तीन तारे. समकक्ष रकाना सुधारला तर चार देईन.