माझ्या नावावरचे, माझ्या हाती न आलेले कर्ज

शिवणकामाचा छोटा व्यवसाय करणाऱ्या आम्हा पाच जणींच्या नावांवर कर्जे उचलली गेली आणि त्यांतला एक पैसाही आमच्यापैकी कोणाच्या हाती आला नाही. गटकर्जावर धंदा उभा करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ही फसवणूक नेमकी कशी होते हे कळावे, म्हणून सारे क्रमाने लिहीत आहे.

आमचे पहिले कर्ज खरे होते आणि त्याचा उपयोगही झाला. त्यातून मी कापडाच्या कडा शिवणारे ओव्हरलॉकचे यंत्र घेतले आणि कापड, अस्तर, धागा ठोक भावाने आणू लागले. गटकर्जाला तारण लागत नाही. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी तो भरायचा, हेच त्याचे तारण असते. अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी 1976 साली बांगलादेशातील जोब्रा गावात सुरू केलेल्या आणि 1983 मध्ये ग्रामीण बँकेच्या रूपाने उभ्या राहिलेल्या कामापासून ही पद्धत जगभर गेली, ती शेजारणींच्या परस्पर विश्वासावर. आमच्या गटाची प्रमुख असलेल्या बाईंनी नेमका तोच विश्वास वापरला.

कर्जाचे नूतनीकरण करण्याच्या वेळी त्यांनी अंगठ्याचा ठसा घेण्याचे यंत्र घरी आणले. "अंगठा जुळत नाही, पुन्हा लावा," असे म्हणून त्यांनी प्रत्येकीचा अंगठा अनेकदा घेतला. नव्या कर्जासाठी नवे खाते लागते, असे सांगून खाते उघडले, पासबुक "हिशेबाला सोपे पडते" म्हणून स्वतःजवळ ठेवले आणि अर्जावर आमच्या मोबाइल क्रमांकाच्या जागी स्वतःचा क्रमांक लिहिला. त्याच कागदपत्रांवर दुसऱ्या एका संस्थेकडून आमच्या नावांनी दुसरा गट दाखवून कर्ज मंजूर करून घेतले गेले. रक्कम खात्यात आली आणि अंगठ्याच्या आधारे काढलीही गेली. संदेश मात्र त्यांच्याच फोनवर जात राहिले. सुरुवातीचे हप्ते त्या स्वतः भरत होत्या, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारणच उरले नाही. हप्ते थांबले आणि वसुलीला माणूस दारात आला, तेव्हा त्या घर सोडून गेल्या होत्या.

यानंतर धंद्याचे जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण गटकर्जाचे बरेवाईट मोजताना हप्ता वेळेवर आला की सारे ठीक चालले आहे असे धरले जाते. आम्हीही हप्ते भरले. न घेतलेल्या कर्जाचा हप्ता एकीने नाकारला, तर तो बाकी चौघींवर पडणार होता, आणि त्याही माझ्याइतक्याच फसल्या होत्या. तो पैसा आला खेळत्या भांडवलातून. कापडाची ठोक खरेदी थांबली, दुकानातून किरकोळ भावाने उधार कापड घ्यावे लागले, म्हणून प्रत्येक कपड्यामागचा नफा घटला. गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेऊन ती हप्त्यात गेली, की ते काम पूर्ण करायला धागाही उधार आणावा लागे. मदतीला ठेवलेल्या मुलीला मी कामावरून कमी केले, याचे दुःख अजून आहे. हप्त्यांची घाई खऱ्या कर्जातही धंद्याला नडते. अर्थतज्ज्ञ एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात केलेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू झालेल्या कर्जदार स्त्रियांनी धंद्यात अधिक पैसा घातला आणि त्यांचा नफा वाढला, जरी कर्ज थकण्याचे प्रमाणही त्यांच्यात वाढलेले दिसले. आमच्याकडे तर गुंतवायला रक्कमच नव्हती, होता तो फक्त हप्ता.

कागद तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या न घेतलेल्या कर्जाचे व्याज "बारा टक्के" लिहिले होते, पण ते पूर्ण मुद्दलावर वर्षभर लावलेले होते. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते हे धरले, तर तोच दर वर्षाला सुमारे 21.5 टक्के होतो. आणि शुल्क व विम्यापोटी शंभरातले 3 रुपये आधीच कापले, तर तो 27 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून दर विचारताना तो "घटत्या शिलकेवर" किती, हेच विचारावे.

भारतात रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2022 पासून लागू असलेले नियम अशा वेळी हाती असावेत. सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील असे नवे सूक्ष्मकर्ज (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिले जाणारे विनातारण कर्ज) देता येत नाही, दर आणि शुल्क यांची माहिती देणारे पत्रक द्यावे लागते, कर्जाचा तपशील असलेले कर्जकार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही. सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी येता येत नाही. आमच्याकडे माणूस रात्री येत असे. हा नियम लेखी दाखवल्यावर ते थांबले.

आमच्या तक्रारीत सर्वांत उपयोगी ठरला तो पतमाहिती अहवाल. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो आणि त्यात संस्थांनी कळवलेली आपल्या नावावरची कर्जे दिसतात. अहवाल, खात्याचा उतारा आणि अर्जाची प्रत जोडून आम्ही संस्थेकडे लेखी तक्रार केली व पोलिसांतही दिली. संस्थेने 30 दिवसांत उत्तर न दिल्यास, ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल योजनेत येत असेल तर, ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या त्या लोकपालाकडे जाता येते. अर्जावरचा मोबाइल क्रमांक आमचा नाही, हे दिसल्यावर संस्थेने वसुली स्थगित केली. अहवालातील थकबाकीची नोंद मात्र अजून निघालेली नाही, त्यामुळे बँकेकडे मागितलेले यंत्राचे कर्ज अडले आहे, आणि त्या नोंदीच्या दुरुस्तीचा अर्ज आम्ही पाचही जणींनी स्वतंत्रपणे दिला आहे.