आयसीयूतल्या मुलासाठी: सीआरआरटी की पोटाचं डायलिसिस?

सेप्सिसमुळे (जंतुसंसर्गाने शरीराचे अवयव बिघडू लागल्यामुळे) भाचीची लघवी थांबली आहे, डॉक्टरांनी सीआरआरटी आणि पोटाचं डायलिसिस असे दोन्ही पर्याय सांगितलेत, काय निवडावं, असं एका मामांनी विचारलंय. मामा, निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. पण त्यांना काय विचारायचं ते आपल्याला माहीत हवं.

सीआरआरटी म्हणजे मूत्रपिंडाचं काम सतत, संथपणे करणारं डायलिसिस. यात मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून रक्त चोवीस तास हळूहळू मशीनच्या फिल्टरमधून फिरवून साफ करतात. अंगातलं पाणी किती काढायचं ते तासागणिक ठरवता येतं, ही याची खरी ताकद. रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपरिन किंवा सायट्रेट लागतं. तरीही फिल्टरमध्ये रक्त गोठलं की नवा सेट (फिल्टर आणि नळ्या), म्हणजे नवा खर्च. तान्ह्या बाळात अडचण वाढते: 3 किलोच्या बाळात रक्तच जेमतेम 240 मिली, आणि लहान सेटमध्येही सुमारे 60 मिली मावतं. म्हणून कधीकधी सेट आधीच दात्याच्या रक्ताने भरून घ्यावा लागतो.

पोटाच्या डायलिसिसला मशीन नसलं तरी चालतं. नळीतून द्रव पोटात सोडायचा, थोडा वेळ ठेवायचा, काढायचा. स्वस्त, आणि रक्त पातळ करायची गरज नाही. पण किती पाणी निघेल याचा नेम नाही, जंतुसंसर्गाची भीती असते, भरलेल्या पोटाने श्वासही अडू शकतो.

पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालंय, अंगावर खूप सूज आहे किंवा रक्तातला अमोनिया (मेंदूला घातक असा टाकाऊ पदार्थ) झपाट्याने चढतोय, तर सीआरआरटी. बाळ तान्हं आहे, शीर मिळत नाही किंवा रक्तस्रावाचा धोका आहे, तर पोटाचं डायलिसिस. मूल मोठं असेल आणि बीपी स्थिर असेल, तर नेहमीचं हिमोडायलिसिस (मशीनवर काही तासांत रक्त साफ करणं) चालेल का, हेही विचारा.